पहिला घोट

बापू उमाळकर गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्या तोंडात दाजींच्या खानावळीतल्या वरणाची चव होती, आणि ती चव बिघडली म्हणून मी चिडलेलो होतो. हे असं लिहायला लाज वाटते, पण आता लाजून कुणाचं भलं होणार आहे? दुपारचं जेवण उरकून शाळेत परतलो, टोपी खुंटीला अडकवली, तर वर्गाच्या दारात सफाई-कचेरीचा जमादार उभा. बापू त्या कचेरीत मोहरीर, म्हणजे कारकून. पटकीची साथ आली की गावातल्या विहिरींमध्ये लाल औषध टाकून घ्यायचं काम त्याच्याकडे आणि औषधाची बादली या जमादाराच्या हातात. त्या दिवशी त्याचे हात रिकामे होते. साहेब गेले, एवढंच म्हणाला. मी विचारलं, कुठं? माणूस अशा वेळी किती मूर्खासारखा बोलतो… पहाटे उलट्या सुरू झाल्या, शेजाऱ्यांनी दवाखान्यात न्यायला टांगा आणला आणि टांगा दाराशी उभा असतानाच सगळं आटोपलं. मी तिकडे पानावर बसून दाजींना सांगत होतो की बापू काही आज येत नाही, आखाजीच्या सणाचं जेवण अंगावर आलं असेल त्याच्या. वहिनी, म्हणजे बापूची बायको, दोन्ही मुलींना घेऊन उमरेडला माहेरी होत्या. त्या येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. साथीतलं प्रेत गल्लीत कोण ठेवू देतो?

याला दोन महिने होत आले. मी गप्पच बसणार होतो. पण महाल भागातल्या पानाच्या दुकानांवर आणि खुद्द बापूच्या कचेरीत जे बोललं जातंय ते ऐकून डोकं फिरलं. लोक म्हणतात, उमाळकराने दोन घास फुकट खाऊन एका खानावळीचा आड औषधावाचून सोडला आणि तोच त्याला भोवला. कुंपणानेच शेत खाल्लं. आड सुटला हे खरं आहे. तो कसा सुटला हे तीनच माणसांना ठाऊक होतं. त्यातला एक गेला. दुसरे दाजी, ते बोलणार नाहीत. उरलो मी. म्हणून वहिनींना विचारून हे लिहायला बसलो आहे. गल्लीचं नाव तेवढं लिहीत नाही.

बापू आणि मी एका बाकावर शिकलो. तो अभ्यासात ढ आणि मी हुशार, असं आमच्या मास्तरांचं मत होतं. पुढे मीच मास्तर झालो, त्यावरून त्या मताची किंमत करावी. बापूला लहानपणापासून एक खोड होती. पाण्याचा पेला हातात आला की तो आधी उजेडाकडे धरायचा, मग वास घ्यायचा, मग प्यायचा. लग्नाच्या पंगतीतसुद्धा हेच. व्याही मंडळी रुसायची, आम्ही हसून घ्यायचो, आणि हा आपला पेल्यात डोळा घालून बसलेला. त्या खोडीला सरकारने पगार दिला, असं मी त्याला चिडवायचो. पण कामात तो लोखंडाचा होता. एका मालगुजाराने, म्हणजे जमीनदाराने, आपल्या बंगल्याच्या आडाला कुलूप घातलं होतं. म्युनिसिपल कमिटीची बादली आणि कुणाच्याही हातचा दोर माझ्या पाण्यात शिरायचा नाही, म्हणाला. महार-मांगांचा हात लागेल, हे त्याच्या पोटात होतं ते सगळ्यांना कळत होतं. बापू भांडला नाही. फाटकासमोर छत्री उघडून सकाळी जो बसला तो बाराच्या उन्हातही हलला नाही. शेवटी मालगुजाराच्या म्हाताऱ्या आईनेच किल्ली पाठवली. असा माणूस दोन घासांसाठी आड सोडेल? बोलणाऱ्यांच्या जिभेला हाड नसतं, हेच खरं.

दाजींची खानावळ बापूला सापडली ती त्या कामातच. दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात एका शनिवारी तो शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. डोळे असे चमकत होते, की मला वाटलं पगार वाढला. म्हणाला, "मास्तर, चाल गा, तुले एक जागा दाखवतो." कुठं, काहून, काही सांगेना. महालातल्या गल्ल्यांतून मला फिरवत त्याने एका ठेंगण्या दारापाशी आणलं. पाटी नाही, काही नाही. कपाळ वाचवून दोन पायऱ्या खाली उतरलो आणि बाहेरचा सगळा कलकलाट दाराबाहेर राहिला. मध्ये छोटं अंगण, अंगणात दगडी काठाचा आड, तिन्ही बाजूंना पडव्या. तेल पिऊन काळे झालेले सागवानी खांब, छताला रंगीत काचेच्या हंड्या, शेणाने सारवलेली गार जमीन आणि भिंतीशी ओळीने मांडलेले पितळी फुलांचे पाट. सीताबर्डीला तेव्हा संगमरवरी टेबलांची हॉटेलं निघाली होती, त्यांत ग्रामोफोन वाजायचे. इथे आवाज एकच, आडाच्या रहाटाचा. मी म्हटलं, बापू, हे तू मला आजोबांच्या काळात आणून सोडलंस. आणि जेवण! वरण-भात, त्यावर तुपाची धार, पालकाची पातळभाजी, कोथिंबिरीची सांबारवडी, कढी, सगळं दोन आण्यांत, पोट गच्च होईपर्यंत. बापू माझ्या पानाकडे पाहत हसत होता. मग त्याने पेला उचलला, सवयीने उजेडाकडे धरला आणि म्हणाला की जेवण राहू दे, आधी हे पी. आता पाण्याला काय चव असते? पण होती. थंड आणि गोड, खाली उतरल्यावर पुन्हा तहान लागावी असं. दाजींचं वरण इतकं मऊ शिजतं ते त्या पाण्यामुळेच, नळाच्या पाण्यात डाळ तशीच टणक राहते, असं बापूने आपणच सगळं घडवल्यासारखं सांगितलं.

दाजी सत्तरीचे. उंच, वाकलेले, अंगावर धुवट पंचा. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या एका सरदाराच्या मुदपाकखान्यात आचारी. सरदारकी बुडाली, भांडी आणि रीत तेवढी दाजींकडे राहिली. ती रीत अशी : पानं मांडून झाली, लोक बसले, की वाढण्याआधी दाजी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर सर्वांसमोर उभे राहायचे. हातातल्या ताटलीत प्रत्येक पदार्थाचा एकेक घास, आणि तांब्यात आडाचं पाणी. एकेक घास तोंडात घालायचे, शेवटी पाण्याचा घोट घ्यायचे आणि मग तसेच उभे राहायचे. कुणाशी बोलायचं नाही, हलायचं नाही. पंगतही गप्प. नवा माणूस पहिल्या दिवशी हसायचा आणि दुसऱ्या दिवशी वाट पाहायला शिकायचा. मग दाजी मान हलवायचे आणि म्हणायचे, "वाढते." पुरुषमाणसाने वाढते म्हणावं हे मला गमतीचं वाटायचं, त्यांच्या घराण्यात ते शब्द आईकडून आले होते म्हणे. मी एकदा विचारलं, दाजी, एवढं उभं राहून काय करता, नाव घेता का देवाचं? ते म्हणाले, काही नाही, थांबतो. मग खांबाला टेकून त्यांनी आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबांनी एका दिवशी असंच चाखलं, थांबले, खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत. "पंगत उपाशी उठली, मास्तर. पण उठली," दाजी म्हणाले. त्या दिवशी मी दुसऱ्यांदा भात घेतला नाही. बापूला मात्र ती गोष्ट फार आवडली. पाण्याची अशी पारख करणारी माणसं आहेत म्हणून आमच्या खात्याचं निभतं, म्हणाला.

दोन वर्षं आम्ही तिथे शनिवारचे जेवलो. वहिनी माहेरी गेल्या की बापू रोजचा, आणि त्याच्यासोबत मीही. आडात एक कासव होतं, दाजींच्या वडिलांनी सोडलेलं. तांदूळ धुतल्याचे दाणे टाकले की ते वर यायचं आणि बापू काठावर वाकून त्याच्याशी बोलायचा. मुलींना कासव दाखवायला आणीन म्हणायचा. ते राहूनच गेलं. या उन्हाळ्यात चैत्र लागतानाच पटकी आली. आधी रेल्वेच्या पलीकडच्या वस्त्यांत, मग नाल्याकाठी, मग महालात. गल्ल्यांच्या तोंडाशी मरीमायचे, म्हणजे साथीच्या देवीचे, गाडे दिसू लागले, लोकांनी दारांना कडुलिंब बांधला. बापू सकाळी सहाला बाहेर पडायचा आणि दुपारी दाजींकडे यायचा तेव्हा त्याची बोटं औषधाने जांभळी झालेली असायची. बोलायचा कमी. एकदा आडाच्या काठावर वाकून बराच वेळ थांबला आणि म्हणाला, दाजी, कासव दिसून नाही राहिलं. दाजी म्हणाले, उन्हाळ्यात तळाशी जातं ते. बापूने पुन्हा दाणे टाकले. दाणे पाण्यावर पसरले आणि तसेच तरंगत राहिले.

आखाजीला आठ दिवस उरले असताना दाजींच्या गल्लीचा नंबर आला. बापू जमादाराला दाराबाहेर थांबवून आत आला, पंगत अजून जमायची होती, मी एकटाच पानावर बसलेलो. त्याने दाजींना सांगितलं की आज औषध टाकायचं. दाजींनी हातातलं भांडं खाली ठेवलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे पितरांच्या नावाने पाण्याचा घडा भरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. दाजींच्या घरात तो घडा त्याच आडाचा, चार पिढ्यांचा नेम. म्हातारा हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "बापूसाहेब, तुम्हाले हात जोडतो, आखाजी होऊ द्या. पितराले लाल पाणी कसं देऊ?" बापू नाहीच म्हणाला. गोड बोलून, पण नाहीच. मालगुजाराचं ऐकलं नाही, तुमचं कसं ऐकू, म्हणाला. घडा भरून आधीच बाजूला ठेवा, असंही त्याने सुचवलं. दाजी म्हणाले, आठ दिवसांचं शिळं पाणी पितरांना? बापू दारापर्यंत गेला, जमादाराला हाक मारायला तोंड उघडलं आणि थांबला. दाजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळला. लहानपणापासूनची सवय त्याची, अडलं की हुशार माणसाला विचारायचं.

"मास्तर, तू सांग. काय करू?"

मी काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हटलं, "दाजी रोज सगळ्यांच्या आधी चाखून राहिले नं? शितावरून भाताची परीक्षा. काही असतं तर म्हाताऱ्याले आधी झालं असतं. राहू दे आठ दिवस." मला पितरांचं काही पडलं नव्हतं. सीताबर्डीच्या एका खानावळीत त्या औषधाच्या पाण्याचं वरण मी खाल्लं होतं, धातूसारखी चव. आठ दिवस माझं वरण बिघडू नये, एवढंच माझ्या मनात होतं. वर तोंडाने शहाणपण. विषाची परीक्षा पाहू नये म्हणतात, मी ती दुसऱ्याच्या जिभेवर पाहत होतो. बापूने यादी काढली, त्या आडापुढे खूण करायची सोडून दिली आणि जमादाराला पुढच्या वाड्याकडे पाठवलं. मग पाटावर बसला. दाजींनी चाखलं, थांबले, वाढते म्हणाले. त्या दिवशी ते जरा जास्तच थांबले असं मला आता वाटतं. आता काय, काहीही वाटतं.

आखाजीच्या दिवशी दाजींनी जुन्या पद्धतीचा थाट केला. आमरस, चिंचवणी, कुरडया, वडाभात. घडा भरून पितरांपुढे ठेवला, त्यावर आंबा. पंगतीत आम्ही बारा-पंधरा जण. बापू पोटभर जेवला, मुलींची आठवण काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः उभा राहून आडात औषध टाकून घेतलं. त्याच्या पुढच्या पहाटे तो गेला. पंगतीतले आणखी दोघे पडले, ते वाचले. मी आखाजीला त्याच आडाचं पाणी दोन तांबे प्यायलो होतो, माझं साधं पोट दुखलं नाही. दाजी तर ठणठणीत. ओळखीचे एक डॉक्टर म्हणतात, बापू गावभर फिरायचा, कुठल्या पाण्याने बाधलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ते माझ्या समाधानासाठी बोलतात. मी त्यांचे आभार मानतो आणि घरी येतो.

वहिनींना मी महिनाभर काही बोललो नाही. रोज जायचो, भाजी टाकून यायचो, खालच्या मानेने. मग बापूच्या पहिल्या मासिक श्राद्धाच्या आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, "भावजी, त्या खानावळीच्या आडाच्या पाण्याचं हे नेहमी सांगत. मी कधी पाहिलं नाही. उद्या तेच आणून द्या त्याइले." असं म्हणून त्यांनी बापूचा रोजचा पितळी तांब्या माझ्या हातात दिला. काय करणार होतो मी? गेलो. दाजींची पंगत आता तीन-चार माणसांची. हंड्यांवर धूळ बसलेली. त्यांनी रहाट ओढला, तांब्या भरला. पाणी अजून गुलाबी होतं, कारण औषध दर आठवड्याला पडत होतं. तांब्या माझ्याकडे द्यायच्या आधी त्यांनी ओंजळीत थोडं ओतून घेतलं, प्यायले आणि थांबले. मी म्हटलं, दाजी, आता काय उरलंय चाखायला? ते म्हणाले, "मी रोज थांबून राहिलो, मास्तर. माझी पाळी काहून येत नाही?"

तो तांब्या मी वहिनींसमोर ठेवला. त्या तांदूळ निवडत होत्या. पाणी पाहून म्हणाल्या, हे लाल काहून? तेव्हा मी सगळं सांगितलं. दाजींचे जोडलेले हात, बापूचं नाही म्हणणं, दारातून परत वळणं आणि माझं उत्तर. वरणाचंही सांगितलं. काही लपवलं नाही. सांगताना मी रडलो. त्या रडल्या नाहीत. सुपातल्या तांदळावर त्यांचा हात तसाच राहिला होता. मग त्यांनी विचारलं, तुम्ही प्याले होते त्या दिवशी? मी म्हटलं, हो, दोन तांबे. दाजी? म्हटलं, सगळ्यांच्या आधी. त्या उठल्या, तांब्या उचलून देवाजवळच्या कोनाड्यात ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "आता माझ्या पोरींचं पाणी तुम्ही चाखायचं, भावजी. रोज. मी वाढायच्या आधी."

मला वाटलं, दुःखात माणूस बोलून जातो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो तर स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी पाट सरकवून जागा केलेली, आणि बापूचा तांब्या घासून, भरून ठेवलेला. त्या चेष्टा करणाऱ्या नाहीतच. तेव्हापासून एक दिवस चुकला नाही. शाळेत तोंडात काही घालत नाही, कुणाकडे चहा घेत नाही, दिवे लागायच्या वेळेला धंतोलीच्या रस्त्याने झपाझप चालत तिथे पोहोचतो. मोठी सात वर्षांची, धाकटी पाचाची. दोघी आपापल्या पानावर बसलेल्या असतात, भात समोर निवत असतो, रिकामी फुलपात्रं हातात. मी उंबरठ्यावर उभा राहतो. तांब्या आधी खिडकीच्या उजेडाकडे धरतो, वास घेतो. हे मला वहिनींनी सांगितलेलं नाही. मग घोट घेतो. गिळतो. आणि थांबतो. दाजी उभे राहून काय करायचे ते मला दोन वर्षांत कळलं नव्हतं. काही करत नव्हते. पोटात कान देऊन उभे असायचे, बस. काल धाकटीने ताईला हळूच विचारलं, काका असे काहून उभे राहतात वं? ताई म्हणाली, चूप, पाहून राहा त्याइच्याकडे. मग दोघी माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. वहिनीही पाहत होत्या. बाहेरून एक टांगा गेला, त्याच्या घुंगरांचा आवाज लांब जाऊन थांबला, तरी मी उभाच. मग वहिनींनी माझ्या हातातून तांब्या घेतला, पोरींची फुलपात्रं भरली आणि म्हणाल्या, "वाढते."